वाचकांचे प्रश्न : बेअरिंग बदलल्यावर चक्री करवत पुन्हा रेषेत कशी आणायची?

गणपतीची कामे उरकली आणि पाऊस ओसरू लागला की कोकणातल्या सुतारशाळांत मशीन खोलायला जरा सवड मिळते. या वेळच्या प्रश्नांत चक्री करवतीचे प्रश्न जास्त आहेत ते त्यामुळेच असावे. पहिल्या प्रश्नाला जागा बरीच दिली आहे, कारण त्यातला क्रम नीट समजला तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पुढचे प्रत्येक काम मशीनचा प्लग काढून करायचे. थेट जोडणी असेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. मशीनचे नुसते बटण बंद आहे म्हणून पात्याला हात लावू नका.

प्रश्न : आमच्याकडे स्थानिक बनावटीचे १० इंची मशीन आहे. टेबल पक्के, खाली फ्रेमवर दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंगची ओतीव घरे), त्यात २५ मिमीचा शाफ्ट. पाते वर-खाली होत नाही. दोन्ही बेअरिंग, पट्टा आणि पाते नवे घातले. आता सागवान आडवे कापले तरी कड करपते, आणि फळी चिरताना शेवटचे टोक पाते आणि गाईड (फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी) यांच्यात अडकते. फिटरने गाईड पात्याला समांतर लावून दिली आहे. जुन्या बेअरिंगवर असे होत नव्हते. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. आडवे कापताना गाईडचा संबंधच येत नाही. फळी माईटर गेजला (टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या आडव्या आधाराला) टेकते आणि त्या खाचेच्या रेषेत पुढे जाते. तरी कड करपते, म्हणजे पाते खाचेला समांतर नाही आणि मागचे दात कापून झालेल्या कडेला घासत आहेत. चिरताना टोक अडकते, म्हणजे गाईडचे मागचे टोक पात्याकडे आत आलेले आहे. पात्याच्या पुढच्या एका दातापासून आणि मागच्या दुसऱ्याच दातापासून टेपने मोजून गाईड ‘समांतर’ लावली, की पात्याची डगमगही त्या मापात शिरते. शिवाय तिरक्या पात्याला गाईड जुळवली म्हणजे आता खाचेशी दोन्ही तिरकी झाली.

जुन्या बेअरिंगवर ठीक चालत होते त्याचेही कारण आहे. झिजलेल्या बेअरिंगमध्ये पट्ट्याच्या ओढीने शाफ्ट एका बाजूला कलतो. त्या कललेल्या शाफ्टवर वर्षानुवर्षे गाईड जुळवून घेतलेली असते. नवे बेअरिंग शाफ्टला जागेवर आणते आणि जुनी जुळवणी चुकीची ठरते. त्यात प्लमर ब्लॉकच्या बोल्टची भोके लांबट असतात. ब्लॉक एकदा सोडला की तो तंतोतंत त्याच जागी परत बसत नाही. म्हणून बेअरिंग बदलणे आणि मशीन रेषेत आणणे हे एकच काम समजायचे. पहिले करून दुसरे सोडून देणाऱ्या फिटरला पूर्ण मजुरी देऊ नये, असे आमचे मत आहे.

क्रम असा ठेवा: शाफ्ट, फ्लँज, काटकोन, पट्टा, मग पाते आणि खाच, त्यानंतर गाईड, शेवटी पात्यामागची सुरी (तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात). गाईडला सगळ्यात आधी हात घालायचा मोह होतो, कारण ती वरच असते आणि तिचे बोल्ट सहज सुटतात. पण पाते जागेवर नसताना लावलेली गाईड पुन्हा लावावीच लागते.

*शाफ्ट.* पट्टा काढून ठेवा. प्लमर ब्लॉकमधल्या बेअरिंगची बाहेरची कडा गोलाकार असते, त्यामुळे ते घरात थोडे वळून शाफ्टला जुळवून घेते. चारही बोल्ट हलके आवळून शाफ्ट हाताने फिरवा, तो कुठेही जड न होता फिरला पाहिजे. त्यानंतरच बेअरिंग शाफ्टला जखडणारे छोटे ग्रब स्क्रू आवळा. इथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. ग्रब स्क्रू शाफ्टला बेअरिंगच्या एका कडेला ढकलतो. दोन ब्लॉकचे स्क्रू दोन वेगळ्या दिशांना असले तर शाफ्टची दोन टोके दोन दिशांना सरकतात आणि तो फिरताना हेलकावे घेतो. दोन्ही बेअरिंगचे स्क्रू शाफ्टच्या एकाच बाजूला, एका ओळीत आणा. जुन्या स्क्रूंनी शाफ्टवर उठवलेल्या कडा बेअरिंग चढवण्यापूर्वीच बारीक कानशीने उतरवून घ्या. त्या तशाच ठेवून बेअरिंग ठोकून चढवले की आतली रिंग ओरखडते.

आता बारीक हालचाल काट्याने दाखवणारे डायल गेज चुंबकी स्टँडवर टेबलाला लावा आणि टोक शाफ्टवर टेकवा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलू नये. शाफ्ट हाताने आत-बाहेर ढकलून पाहा; जाणवेल एवढी हालचाल असेल तर ग्रब स्क्रू बसलेले नाहीत.

*फ्लँज.* पाते ज्या चकतीला टेकते तिच्या तोंडावर डायल लावा, शक्य तितके कडेला. इथे ०.०२ मिमी चालते. आकडा छोटा वाटतो, पण फ्लँजचा व्यास ७० मिमी आणि पात्याचा २५४ मिमी असेल तर तीच चूक पात्याच्या कडेला साडेतीन पटींहून जास्त, म्हणजे ०.०७ मिमी दिसते. फ्लँजवरचा चीक, गंज आणि वाळलेला भुसा टर्पेंटाइनने पुसा. उठलेली कड असेल तर सपाट तेलदगडावर घासा. एमरी चाकावर फ्लँज कधीही धरू नका, तोंड कायमचे वाकडे होते. चूक ०.०५ च्या वर असेल तर फ्लँज त्याच शाफ्टवर बसवून लेथवर तोंड घेऊन आणणे हाच उपाय. नंतर पाते चढवून दातांच्या जरा आत, सपाट पत्र्यावर डायल लावा. ०.१० मिमीपर्यंत हालचाल उत्तम, ०.२० च्या पुढे कापाची रुंदी वाढते आणि कडेवर रेघा दिसतात.

*काटकोन.* ज्या मशीनचे पाते तिरके होते त्यांत हे काम खाचेच्या जुळवणीनंतर करतात. तुमच्या प्रकारच्या मशीनमध्ये ते आधी करायचे, कारण प्लमर ब्लॉकखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालायला बोल्ट सोडावे लागतात आणि त्यात समांतरपणा जातो. गुण्या आधी तपासून घ्या: सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा, दोन्ही एकच दिसल्या तर गुण्या खरा. तो टेबलावर उभा करून पात्याच्या पत्र्याला टेकवा. दाताला टेकवू नका, दात पत्र्यापेक्षा बाहेर आलेले असतात.

समजा ७५ मिमी उंचीवर ०.३ मिमी उजेड दिसतो. ०.३ भागिले ७५ म्हणजे ०.००४. दोन प्लमर ब्लॉकमधले अंतर २५० मिमी असेल तर २५० गुणिले ०.००४, म्हणजे १ मिमीची शिम एका ब्लॉकखाली हवी. पाते पुलीच्या बाजूला झुकलेले असेल तर पुलीकडचा ब्लॉक उचला, उलट असेल तर पात्याकडचा. शिम पितळी किंवा पोलादी पत्र्याची, ब्लॉकच्या पूर्ण तळाखाली जाणारी असावी. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, बारीक फरकासाठी अडीअडचणीला चालतो. पुठ्ठा मात्र नको. आपल्या हवेत तो दमट होऊन दबतो आणि दोन महिन्यांत पाते पुन्हा कलते.

*पट्टा.* समांतरपणा मोजण्यापूर्वी पट्टा चढवून ताण द्या, कारण त्या ताणाखाली शाफ्ट जिथे बसतो तीच त्याची कामाची जागा. दोन्ही पुलींच्या तोंडांवर सरळ पट्टी धरली तर ती चार ठिकाणी टेकली पाहिजे. दोन पुलींमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबले तर दर मीटरला सुमारे १६ मिमी, म्हणजे ४०० मिमीच्या टप्प्यात ६ ते ७ मिमी, पट्टा दबावा. दोन खाचांच्या पुलीला एक नवा आणि एक जुना पट्टा घालू नका. सगळा भार नवाच ओढतो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल पडतो, तेव्हा ताण परत द्यावा लागतो.

*पाते आणि खाच.* हे काम घाईने करू नका. एका दातावर मार्करने खूण करा, खाचेच्या बाजूला टोक असलेला दात निवडा. माईटर गेजला दोन इंची पट्टी क्लॅम्प करा आणि तिच्या टोकात गोल डोक्याचा स्क्रू बसवा. खुणेचा दात पुढे टेबलाच्या पातळीच्या जरा वर आणा. स्क्रू फिरवत इतका बाहेर घ्या की पाते हाताने हलवताना दात त्याच्या डोक्याला जेमतेम घासून आवाज करील. आता पाते फिरवून तोच दात मागे न्या, माईटर गेजही खाचेत मागे सरकवा. मागे फट दिसली तर फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्त्यांनी) मोजा. स्क्रू दाताला अडला तर पाते मागच्या बाजूने खाचेकडे आलेले आहे. दोन्ही जागी तोच दात वापरल्यामुळे पात्याची डगमग हिशेबातून बाहेर जाते. डायल गेज असेल तर माईटर गेजच्या पट्टीवर बसवून हेच काम अधिक सोपे होते.

माईटर गेज खाचेत सैल असेल तर दोन्ही मापांना ते खाचेच्या एकाच कडेला दाबून धरा, नाहीतर सैलपणाच मोजला जाईल.

सुमारे २०० मिमीच्या अंतरात फरक ०.१० मिमीच्या आत आला की काम चांगले. ०.०५ आला तर उत्तम. त्याखाली जाण्यात वेळ घालवू नका. श्रावणातली फळी पौषात त्याच्या कितीतरी पट आकसते.

दुरुस्तीसाठी पात्याकडच्या ब्लॉकचे बोल्ट आवळलेलेच ठेवा. पुलीकडच्या ब्लॉकचे दोन एम-१० बोल्ट इतपतच सैल करा की ब्लॉक ठोकल्याशिवाय हलणार नाही. कुठे ठोकायचे ते असे: तुम्ही फळी ढकलायच्या जागी उभे आहात आणि पुली तुमच्या उजव्या हाताला आहे. पुलीकडचा ब्लॉक तुमच्या दिशेने आणला तर पात्याची मागची कड उजवीकडे जाते. पलीकडे ढकलला तर डावीकडे. किती ठोकायचे तेही काढता येते. २०० मिमीत ०.४ मिमी फरक आणि ब्लॉकमधले अंतर २५० मिमी, तर ब्लॉक ०.५ मिमी सरकवायचा. लाकडी मोगरीने किंवा पितळी तुकडा मध्ये धरून ठोका. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो, हातोड्याच्या थेट घावाने तडकतो. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि पुन्हा मोजा. बोल्ट आवळतानाच ब्लॉक सरकतो आणि आधीचे माप निरुपयोगी होते, हे इथे नेहमी घडते.

याच वेळी एक सोय करून ठेवा. पुलीकडच्या ब्लॉकच्या पुढे आणि मागे फ्रेमवर एकेक एम-८ नट वेल्ड करून त्यातून ब्लॉकला टेकणारे बोल्ट घ्या. एम-८ च्या आट्याचे अंतर १.२५ मिमी, म्हणजे पाव फेऱ्याला ब्लॉक ०.३१ मिमी सरकतो. ठोकाठोकी संपते, आणि पुढच्या वेळी बेअरिंग बदलताना एकच बोल्ट मागे घेतला तर दुसरा जागा राखून ठेवतो. वेल्डिंग बेअरिंग बसवण्यापूर्वी करा. त्याचे कारण खालच्या एका उत्तरात आहे.

*गाईड.* ती आता पात्याला नव्हे, खाचेला समांतर लावा. खाचेत घट्ट बसणारा लाकडी ठोकळा ठेवून गाईड त्याच्याजवळ आणा, कुलूप लावा आणि पुढे-मागे फिलर गेजने फट मोजा. कुलूप लावल्यावरच मोजायचे, कारण बऱ्याच गाईडचे मागचे टोक कुलूप लागतानाच सरकते. नेमकी समांतर चालते. मागचे टोक पात्यापासून ०.१ मिमी उघडे ठेवले तर भरीव लाकडाला बरे पडते. आत मिटलेली गाईड मात्र एक केसभरही चालवून घेऊ नका. तीच फळी दाबते, आणि दाबलेली फळी मागच्या वर चढणाऱ्या दातांवर चढून तुमच्या अंगावर येते.

तपासणीसाठी सागवानाची किंवा आंब्याची फळी चिरून कडेवर आडवा उजेड पाडून पाहा. कमानीसारख्या रेघा एकाच दिशेने असतील तर फक्त पुढचे दात कापत आहेत, जुळवणी बरोबर. रेघा एकमेकींना फुली मारत असतील तर मागचे दातही घासत आहेत. गाईडकडच्या तुकड्यावरच फुल्या असतील तर गाईड मागे मिटली आहे. आडकापातही फुल्या असतील तर पाते आणि खाच परत मोजा.

प्रश्न : पात्यामागची सुरी (स्प्लिटर) खरोखर लागते का? आमचा मिस्त्री म्हणतो की ती अडते, म्हणून काढून ठेवली आहे. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : लागतेच. आजच परत लावा. चिरलेली फळी पात्यामागे मिटते किंवा गाईडकडून पात्यावर ढकलली जाते, तेव्हा मागचे दात तिला उचलतात. १० इंची पाते मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर होतो. त्या वेगाने मागे आलेली रीप पोटात घुसते, आणि फळीबरोबर ओढला गेलेला हात पात्यावर जातो. फणस, आंबा, ऐन यांच्या फळ्यांत आतला ताण बराच असतो, त्या चिरता चिरता मिटतात. आपल्याकडे हीच लाकडे रोज मशीनवर येतात.

सुरी अडते याचा अर्थ ती चुकीच्या जाडीची आहे किंवा रेषेत नाही. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी हवी. पत्रा २.२ मिमी आणि काप ३.२ मिमी असेल तर सुरी २.५ मिमीची. नवे पाते पातळ कापाचे घेतले आणि सुरी जुनी जाड राहिली, तर फळी अडणारच. पाते बदलल्यावर हा गोंधळ हमखास होतो. दातांपासून तिची कड ३ ते ८ मिमी दूर आणि पात्याच्या गोलाईला धरून असावी. वरचे टोक सर्वांत वरच्या दाताच्या सुमारे २ मिमी खाली ठेवले तर खाच पाडण्याचे कामही तिच्यासह करता येते. सरळ पट्टी पात्याच्या पत्र्याला धरून मागे नेली की सुरीच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा दिसली पाहिजे. नसेल तर तिच्या बुडाशी वॉशर घालून ती सरकवा. पाते पक्के असलेल्या मशीनमध्ये ती फ्रेमलाच दोन बोल्टांनी बसवता येते, एका बोल्टाने नाही. एका बोल्टावर ती फिरून पात्याला लागू शकते.

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांसाठी ८ मिमीच्या पट्ट्या काढतो. पट्टी एका टोकाला ८ तर दुसऱ्या टोकाला ९ भरते. गाईड तपासली, ती सरळ आहे. कधी कधी पट्टी पात्याशेजारच्या फटीतून खाली जाते. (एक वाचक, देवगड)

उत्तर : गाईड सरळ असेल तर दोष फळीच्या कडेत आहे. गाईडला टेकणारी कड वाकडी किंवा पोकळ असेल तर फळी पुढे जाताना डोलते आणि जाडी बदलते. ती कड आधी रंध्यावर सरळ करून घ्या, आणि दर चार-पाच पट्ट्यांनंतर परत एक हात फिरवा, कारण ताण सुटून फळी पुन्हा वाकते. पुढे फळी गाईडला दाबून धरणारी दाबपट्टी लावा, पण पात्याच्या अलीकडे; पात्याच्या बाजूला किंवा पलीकडे लावलेली दाबपट्टी कापच मिटवते.

फटीसाठी टेबलातली पात्याभोवतीची पट्टी काढून तिच्या मापाची १२ मिमी प्लायची नवी बनवा. तुमच्या मशीनचे पाते खाली जात असेल तर पूर्ण खाली नेऊन प्लाय बसवा, वर जाड फळी क्लॅम्प करून मशीन चालू करा आणि पाते हळूहळू वर आणा. प्लायमध्ये पात्याच्याच मापाची खाच पडते. पाते खाली जात नसेल तर खाच आधी जिगसॉने, पात्याच्या कापापेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा मिमी जास्त काढा. ८ मिमीच्या पट्टीला ढकलकाठीशिवाय हात लावू नका.

प्रश्न : २० मिमीच्या शाफ्टला ६२०४ बेअरिंग आहेत. नवी घातलेली तीन महिन्यांत आवाज करू लागतात. (एक वाचक, मालवण)

उत्तर : निघालेले बेअरिंग टाकून देऊ नका, ते कापून आतली धाव (गोळ्या फिरतात ती खाच) पाहा, कारण तिथेच दिसते. गोळ्यांच्या अंतरावर खळगे असतील तर बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकले गेले. शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर द्यायचा. २० मिमीच्या शाफ्टवर सैल जाणारा आणि आतल्या रिंगलाच टेकणारा पाइपचा तुकडा पुरतो. बेअरिंग गरम करून चढवणार असाल तर रबरी सील असलेले ८० अंशांच्या वर नेऊ नका, आणि गॅसच्या ज्योतीवर तर मुळीच नको.

धावेचा एकाच बाजूचा भाग खाल्लेला असेल तर पट्टा फार ताणलेला आहे. तपकिरी डाग असतील तर पाणी शिरले. किनाऱ्यालगत पत्र्याच्या झाकणाचे, म्हणजे झेडझेड प्रकारचे बेअरिंग घेऊ नका, त्याच्या कडेला फट असते आणि ओला बारीक भुसा आत जातो. रबरी सीलचे, टूआरएस मागा. पुरात किंवा उधाणाच्या पाण्यात बुडालेले मशीन असेल तर सीलचे बेअरिंगही बदलाच, गाळ सीलच्या आत गेलेला असतो. धावेवर कपड्याच्या सुरकुत्यांसारख्या बारीक आडव्या रेघा दिसल्या तर वीज गेलेली आहे: फ्रेमवर वेल्डिंग करताना अर्थचा क्लॅम्प दूर लावला आणि करंट बेअरिंगमधून गेला. क्लॅम्प नेहमी वेल्डच्या जवळ, त्याच तुकड्यावर लावा. जमेल तेव्हा बेअरिंग काढूनच वेल्ड करा.

यांपैकी काहीच नसेल तर शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. बेअरिंगच्या जागी तो २०.०० ते २०.०१ मिमी भरला पाहिजे. १९.९५ असेल तर आतली रिंग शाफ्टवर घसरत फिरते आणि गरम होते. पंचाने शाफ्टवर टिचके मारून बेअरिंग घट्ट करण्याची पद्धत सर्रास चालते, पण ते उंचवटे काही दिवसांत चेपतात आणि तोपर्यंत शाफ्ट मध्यावर फिरत नाही. शाफ्ट नवा करून घ्या.

प्रश्न : बेअरिंग, पट्टा नवे, तरी २ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना गुरगुरते. मीटरपासून शेड ३० मीटरवर, वायर १.५ स्क्वेअर मिमीची. (एक वाचक, दापोली)

उत्तर : पट्टा काढून मोटर एकटी सुरू करून पाहा. तरी गुरगुरली तर कपॅसिटर तपासून घ्या. एकटी नीट सुटत असेल तर वायर बदला. जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याच्या १.५ च्या वायरचा रोध ०.७३ ओहम होतो. सुरू होताना मोटर ५० अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे ३६ व्होल्ट वायरमध्येच जातात. संध्याकाळी मीटरवर २०० व्होल्ट असतील तर मोटरला १६४ मिळतात आणि तिचा जोर २३० च्या तुलनेत निम्म्यावर येतो. ४ स्क्वेअर मिमीच्या वायरमध्ये हीच घट १४ व्होल्टची होते.

प्रश्न : पावसाळ्यात ओतीव लोखंडाच्या टेबलाला दर आठवड्याला गंज धरतो. खोबरेल लावतो, पण फळ्यांवर डाग पडतात. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : खोबरेल बंद करा. भुसा त्याला चिकटून ओल धरतो आणि डाग पडलेल्या फळीवर पॉलिश बसत नाही. आधीचा गंज ३२० नंबरच्या पाणपेपरने टर्पेंटाइन लावून, खाचेच्या दिशेने घासून काढा. गोल घासले की ओरखडे आडवे जातात आणि फळी अडखळते. कापडाने कोरडे करून लगेच मेण लावा. एक भाग मधमाश्यांचे मेण आणि चार भाग टर्पेंटाइन, डबा गरम पाण्यात ठेवून विरघळवायचे. थेट आगीवर ठेवू नका, टर्पेंटाइन पेटते. पातळ थर द्या, वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने चोळून काढा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांतून एकदा. सिलिकॉनचा स्प्रे वापरू नका, तो लाकडाला लागला की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे ठिपके पडतात. रात्री टेबलावर सुती चादर टाका. प्लास्टिकखाली दव धरते.

खाचेच्या तळाचा गंज विसरला जातो. तिथे पाणपेपर पट्टीला गुंडाळून घासा, पण बाजूच्या कडांना धार लावल्यासारखे घासू नका, माईटर गेज सैल होईल.

प्रश्न : खेळण्यांचे छोटे तुकडे कापतो. माईटर गेज खाचेत एवढे सैल झाले आहे की कोन राहत नाही. खाच पुन्हा घडवून घ्यावी का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : खाचेला हात लावू नका, मशीनचे सगळे माप तिच्यावरून निघते. झीज गेजच्या पट्टीत घ्या. पट्टीच्या कडेपासून ३ मिमीवर, वरच्या बाजूने सेंटर पंचने तीन-चार टिचके मारा. कड किंचित फुगते. खाचेत सरकवून पाहा, जिथे अडेल तिथे कानशीचा एक हात द्या. पट्टी हलकेच अडत पण न थांबता सरकली पाहिजे. इंची मापाच्या मशीनमध्ये खाच सहसा १९ मिमी रुंद आणि साडेनऊ मिमी खोल असते, पट्टी १८.५ च्या खाली गेली असेल तर टिचके पुरणार नाहीत, नवी पट्टी करून घ्या. नंतर गेजचा काटकोन गुण्या पात्याच्या पत्र्याला धरून पुन्हा लावा, कारण सैल पट्टीवर लावलेला शून्य आता खरा राहिलेला नसतो.